खेळ दाखवण्याचा रोज

चुलीवर किंवा गॅसवर काही असेल तर आधी उतरवून घ्या, कारण आजचं बोलणं जरा लांबणार आहे.

गेल्या महिन्यात आमच्या गटाची बैठक झाली. हप्ते गोळा झाले, वहीत सह्या झाल्या आणि उठता उठता एका ताईने पिशवीतून एक कागद काढला. जिल्ह्याच्या गावी खेळण्यांचं एक मोठं दुकान आहे. दिवाळीच्या सुट्टीत तिथे गिऱ्हाइकांना बोर्ड गेम खेळून दाखवायला माणसं हवीत, अर्ज करा, रोज मिळेल, असं त्यावर छापलं होतं. बोर्ड गेम म्हणजे टेबलावर पट मांडून, पत्ते नाहीतर सोंगट्या घेऊन खेळायचे खेळ. ताईचा मुलगा तिथेच कॉलेजला आहे, त्याने तो कागद आणला होता.

आधी हशाच पिकला. एक मावशी म्हणाल्या, "खेळायचे पैसे मिळतात होय? मग माझ्या नातवाकडून माझं पाच वर्षांचं येणं निघतंय!" दुसरी म्हणाली, घरी हे सांगितलं तर सासूबाई विचारतील, घरातली कामं संपली का. पण तिघीजणींना खरंच अर्ज करायचा होता आणि त्या नेमक्या गप्प होत्या. रोज किती मागावा ते त्यांना कळेना. मागावा की नाही, हेसुद्धा कळेना. कारण खेळ दाखवणं हे काम आहे की नुसता वेळ घालवणं, हेच आमचं ठरत नव्हतं.

आमच्यातल्या एकीने बी. ए.ला इतिहास घेतला होता. तो इतक्या वर्षांत कुणाच्या उपयोगी पडला नव्हता. तेव्हा आम्ही म्हटलं, हे काम आलं कुठून, आधी कुणी केलं, त्यांना काय मिळालं, ते शोधून काढू. अर्ज त्यानंतर.

सुरुवात आपल्याच घरापासून करू. सारीपाट, पटावरच्या कवड्या, सागरगोटे, पत्त्यांतली मेंढीकोट, हे सगळं आपल्याला कुणी शिकवलं? आजीने, नाहीतर आत्याने, नाहीतर शेजारच्या मोठ्या पोरीने. नियमांचा कागद आपण कधी पाहिला नाही. आपण शेजारी बसलो, दहा डाव नुसते बघितले आणि अकराव्या डावाला आपल्या हातात कवड्या आल्या. घरोघरी खेळ दाखवणारी बाई होतीच, पण ती घरचीच असल्यामुळे तिच्या कामाला कामाचं नाव मिळालं नाही. आपला पचिशीचा खेळ परदेशात गेला. अमेरिकेतल्या एका कंपनीने १८७४ साली 'पार्चीसी' नावाने त्याचा ट्रेडमार्क घेतला. तिकडे इंग्लंडमध्ये त्याला सोपं करून लुडो केलं, आणि तो लुडो पुठ्ठ्यावर छापून, मागच्या बाजूला सापशिडी घेऊन, पुन्हा आपल्या जत्रेत विकायला आला. लुडो दाखवायला कुणाची गरज पडली नाही. सहा पडला की सोंगटी बाहेर, एवढं चार वर्षांच्या पोरालाही कळतं.

अडचण येते ती खेळ परका असला की. डबा बंद असतो, वर रंगीत चित्र असतं, आत बारीक अक्षरांत नियम. गिऱ्हाईक डबा उलटा-सुलटा करून बघतं आणि परत ठेवून देतं. इथे दाखवणाऱ्याचं काम सुरू होतं.

हे काही खेळांपुरतंच नाही. आपल्या सगळ्यांच्या ओळखीची वस्तू घेऊ, शिलाई मशीन. १८५० नंतर अमेरिकेत सिंगर कंपनीने मशीन विकायला काढलं तेव्हा लोक म्हणत, एवढं महाग लोखंड घेऊन करायचं काय, आणि बाईला ते चालवता तरी येईल का? मग कंपनीने दुकानात तरुण मुली बसवल्या. त्या येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर सरळ शिवण घालून दाखवत. बघणाऱ्याच्या मनातली शंका बोलण्याने गेली नाही, समोर शिवलेल्या कापडाने गेली. त्या मुलींना पगार होता. तिथे बसून शिवून दाखवणं कंपनीने काम म्हणून मोजलं होतं.

आता खेळाकडे येऊ. सगळ्यांत आधी एक उलटी गोष्ट सांगतो, म्हणजे दाखवलं पण हाती काही आलं नाही अशी.

मुलांचा 'व्यापार' नावाचा खेळ तुम्ही पाहिला असेल. मुंबई घ्या, दिल्ली घ्या, भाडं वसूल करा, तुरुंगात जा. तो ज्या खेळावरून आला त्याचं नाव मोनोपॉली, म्हणजे मक्तेदारी. आणि मोनोपॉली आली एका बाईच्या डोक्यातून. तिचं नाव एलिझाबेथ मॅगी, लोक तिला लिझी म्हणत. ती अमेरिकेत वॉशिंग्टनच्या भागात राहायची आणि टंकलेखन-लघुलेखनाचं काम करायची. जमिनीचा मालक बसल्या जागी कसा श्रीमंत होतो आणि भाडं भरणारा कसा रिता होतो, हे साध्या माणसाला कळावं म्हणून तिने पट तयार केला. १९०४ साली तिला त्याचं पेटंट मिळालं. खेळाचं नाव होतं 'जमीनमालकाचा खेळ'.

तो खेळ डब्यातून फारसा पसरला नाही. तो माणसामाणसांतून पसरला. कुणी एकाने दाखवला की दुसरा घरी जाऊन कापडावर नाहीतर पुठ्ठ्यावर तसाच पट काढायचा, आपल्या गावातल्या रस्त्यांची नावं घालायचा आणि तिसऱ्याला दाखवायचा. अटलांटिक सिटी नावाच्या गावात रूथ हॉस्किन्स नावाची एक शिक्षिका होती. दुसऱ्या शहरात शिकलेला हा खेळ तिने इथल्या मित्रमंडळींना दाखवला, आणि त्या सगळ्यांनी मिळून पटावर गावातल्या रस्त्यांची नावं घातली. ती नावं आजही अमेरिकेतल्या मोनोपॉलीवर आहेत. पुढे असाच हात बदलत १९३२च्या सुमाराला तो एका जोडप्याने चार्ल्स डॅरो नावाच्या बेकार माणसाला दाखवला. डॅरोने त्यांच्याकडून नियम लिहून घेतले, पट रंगवून विकायला सुरुवात केली, आणि १९३५ साली पार्कर ब्रदर्स कंपनीने त्याच्याकडून तो विकत घेतला. डॅरो लक्षाधीश झाला. लिझी मॅगीला कंपनीने पेटंटचे ५०० डॉलर एकदाच दिले. विक्रीतला वाटा नाही. आणि मधल्या तीस वर्षांत ज्यांनी ज्यांनी संध्याकाळी टेबलाशी बसून लोकांना हा खेळ शिकवला, त्यांच्या वाट्याला चहापाणी.

हे ऐकल्यावर आमच्या एका ताईने विचारलं, "म्हणजे आपण गेल्या वर्षी प्रदर्शनात केलं तसंच की." गेल्या वर्षी एका मसाल्याच्या कंपनीसाठी आमच्या चौघीजणी तीन दिवस उभ्या राहिल्या होत्या. बिर्याणी करून दाखवली, लोकांना चव दिली, पाकिटं विकली गेली. शेवटी चौघींना चार पाकिटं मसाला मिळाला. तेव्हा कुणी काही बोललं नव्हतं. त्या दिवशी मात्र बराच वेळ बोलणं झालं.

आता खेळ दाखवण्याचे पैसे खरोखर कुणाला मिळाले, ते ऐका. त्यासाठी १९२०च्या पुढच्या पाच वर्षांतल्या अमेरिकेत जावं लागेल, आणि खेळ आहे चीनचा. माहजाँग.

माहजाँगमध्ये १४४ सोंगट्या असतात, छोट्या विटेसारख्या. वरून हाड, खालून बांबू. चौघं बसतात, सोंगट्यांच्या भिंती रचतात, एकेक उचलतात, एकेक टाकतात आणि रमीसारखे संच जुळवतात. सोंगट्यांवर चिनी अक्षरं आणि चित्रं. हा खेळ एकोणिसाव्या शतकात चीनमध्ये शांघायच्या आसपासच्या भागात तयार झाला. आपल्याकडे मुंबईतल्या काही क्लबांमध्ये आणि लष्करी अधिकाऱ्यांच्या वसाहतींमध्ये बायका तो आजही खेळतात.

चीनमध्ये एका तेल कंपनीत नोकरी करणारा जोसेफ बॅबकॉक नावाचा अमेरिकन माणूस होता. त्याने सोंगट्यांवर इंग्रजी आकडे घातले, नियम सोपे केले आणि १९२० साली त्यांचं पुस्तक काढलं. खेळ अमेरिकेच्या दुकानांत आला आणि बघता बघता सगळ्यांना त्याचं वेड लागलं. मागणी इतकी वाढली की चीनमध्ये सोंगट्यांसाठी हाडं पुरेनात. मग अमेरिकेतल्या कत्तलखान्यांतून गुरांची हाडं जहाजाने चीनला जायची आणि सोंगट्या होऊन परत यायची.

पण आधी गिऱ्हाइकाला तो समजणार कसा? पेटी उघडली तर आत १४४ तुकडे आणि परकी अक्षरं. मोठमोठ्या दुकानांनी मग खेळ दाखवायला माणसं नेमली. आणि कुणाला नेमलं? चिनी माणसांना. दुकानाच्या दर्शनी काचेमागे टेबल मांडायचं, चौघांना खेळायला बसवायचं, रस्त्यावर गर्दी जमायची. आत आलेल्या गिऱ्हाइकाला तेच बसवून शिकवायचे. श्रीमंत घरांतल्या मेजवान्यांनाही त्यांना शिकवायला बोलावत.

यातली खोच समजून घ्यायला हवी. अमेरिकेने १८८२ साली कायदा करून चिनी मजुरांना देशात यायला बंदी केली होती. जे आधीपासून होते, किंवा ज्यांचा जन्मच तिथे झाला होता, त्यांना कॉलेज शिकूनसुद्धा शिक्षणाला साजेशी नोकरी मिळणं कठीण होतं. कपडे धुण्याची दुकानं, खानावळी, हीच कामं ठरलेली. अशा काळात अचानक एक काम निघालं, आणि त्या कामाला चिनी असणं ही अडचण नव्हती, उलट तीच पात्रता होती. पैसे मिळत होते, इज्जतीने बसायला मिळत होतं. तरुण मुलामुलींनी ते काम घेतलं.

गंमत अशी की अमेरिकेतले बहुतेक चिनी लोक मूळचे दक्षिणेकडच्या ग्वांगडोंग प्रांतातले, आणि हा खेळ शांघायकडचा, तोही फार जुना नव्हे. त्यामुळे चिनी माणसाला माहजाँग जन्मतःच येतं हा दुकानदारांचा समज होता. काहींनी तर खेळ आधी स्वतः शिकून घेतला, कामासाठी. अगदी आपल्यासारखं. गावाकडची बाई म्हटलं की हिला पुरणपोळी येणारच, असं शहरात धरून चालतात ना, तसं.

आणि दुकानांना नुसता खेळ नको होता. त्यांना रेशमी झगे घातलेले, चित्रातल्यासारखे चिनी हवे होते. जी मुलगी रोज कॉलेजला साध्या अमेरिकन कपड्यांत जायची, तिने काचेमागे बसताना मात्र झगा घालायचा. काही गोऱ्या बायकाही माहजाँग शिकवायच्या कामात उतरल्या, आणि त्यांनीही तसेच झगे चढवले. म्हणजे पैसे किती खेळ समजावण्याचे होते आणि किती त्या रूपाचे, हे वेगळं काढणं अवघड. आम्ही हे वाचलं तेव्हा पुन्हा तो दुकानाचा कागद काढला. खाली बारीक अक्षरांत होतं, 'स्मार्ट व प्रेझेंटेबल उमेदवारांना प्राधान्य'. पहिल्या दिवशी ती ओळ आमच्या नजरेत आली नव्हती.

माहजाँगवर टीकाही भरपूर झाली. बायका दिवसभर सोंगट्या खडखडवत बसतात, घर उघडं पडलंय, अशी चेष्टा चालायची. आई माहजाँग खेळायला लागल्यापासून घराचं काय झालं, यावर १९२४ साली एक विनोदी गाणंही निघालं होतं आणि ते गाजलं. त्यात चिनी लोकांचीही टवाळी होती. बाप्ये क्लबात पत्ते कुटत होते त्यांच्यावर असं गाणं निघाल्याचं काही आमच्या वाचनात आलं नाही.

हे वेड चार-पाच वर्षांत ओसरलं. लोकांना शब्दकोडी सापडली. दुकानांनी काचेमागची टेबलं काढली, आणि काम करणाऱ्यांचं काम गेलं. हंगामी कामाचं असंच असतं, ऊसतोडीला जाणाऱ्या घरांना ते वेगळं सांगायला नको.

खेळ मात्र टिकला, आणि तो बायकांनी टिकवला. १९३७ साली न्यूयॉर्कमध्ये काही बायकांनी, त्यांत बहुतेक ज्यू समाजातल्या, एकत्र येऊन माहजाँगची एक राष्ट्रीय संघटना काढली. घरोघर नियम वेगळे होते, ते एक केले. दर वर्षी कोणते संच जिंकतात याचं एक नवं कार्ड छापायचं, आणि प्रत्येक खेळणारीने ते विकत घ्यायचं. ज्या महिला मंडळांनी कार्डं खपवली त्यांच्या धर्मादाय कामाला त्यातून देणगी जायची. डोरोथी मायरसन नावाची बाई या सुरुवातीच्या मंडळींतली. ती स्वतः माहजाँग शिकवायची आणि त्याच वर्षी तिने त्यावर पुस्तकही लिहिलं. दुकानाने काढलेली टेबलं बायकांनी आपल्या घरी मांडली, असं म्हणा हवं तर. आमच्या गटाच्या सचिवताईंना ती कार्डाची कल्पना फार आवडली. त्या म्हणाल्या, दर वर्षी नवं कार्ड म्हणजे दर वर्षी नवी वर्गणी, डोकं आहे हं बायांचं.

याच काळात दुसरा एक खेळ होता, पत्त्यांचा, ब्रिज. आपल्या गावात तो कुणी खेळत नाही, म्हणून खेळ कसा असतो यात शिरत नाही. पण त्यात खेळ शिकवणाऱ्या बायकांचा एक पेशाच तयार झाला, म्हणून सांगायला हवं.

१९२५च्या सुमाराला ब्रिजचे गुण मोजायची पद्धत बदलली. जे लोक वर्षानुवर्षं खेळत होते त्यांनाही पुन्हा शिकणं भाग पडलं. बँकेचा फॉर्म बदलला की सगळा गट आमच्या दारात येतो, तसं. नियम बदलले की समजावणारीला काम मिळतं. जोसेफीन नावाची एक बाई न्यूयॉर्कमध्ये ब्रिज शिकवायची, चांगलं नाव होतं तिचं. तिने १९२३ साली इलाय कल्बर्टसन नावाच्या खेळाडूशी लग्न केलं. पुढे दोघांनी मिळून खेळायची एक पद्धत बसवली आणि देशभर शिक्षक-शिक्षिका तयार केल्या. त्यांना प्रशिक्षण होतं, प्रमाणपत्र होतं, अधिवेशनं भरायची. त्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. मंदीचे दिवस होते, घरातल्या पुरुषांच्या नोकऱ्या गेल्या होत्या, आणि प्रमाणपत्र भिंतीला लावून एखादी बाई आपल्याच बैठकीच्या खोलीत शिकवणी घेऊ शकत होती.

१९३१च्या डिसेंबरात या नवराबायकोने दुसऱ्या एका नामांकित खेळाडूशी जाहीर सामना लावला. तो पुढच्या जानेवारीपर्यंत चालला, वर्तमानपत्रांतून रोज बातम्या यायच्या. त्या सामन्यात खेळलेली जोसेफीन ही एकटीच बाई. ती शांतपणे, न चिडता खेळायची म्हणून लोकांना फार आवडली. सामना त्यांनी जिंकला आणि त्यांची पद्धत सगळीकडे झाली. तरी पद्धतीला नाव पडलं ते नवऱ्याच्या आडनावाने, पुस्तकांवरही मोठ्या अक्षरांत तोच. १९३८ साली त्यांचा घटस्फोट झाला.

तर ब्रिजच्या बायकांकडून आम्ही एक गोष्ट उचलली. दुकानाच्या काचेमागे बसलेल्याला कपड्यांवरून निवडलं गेलं, पण हिच्याजवळ कागद होता. मी हे शिकले आहे, मला हे शिकवता येतं, आणि त्याची फी इतकी आहे, असं ती सांगू शकत होती.

आता आजच्या काळात येऊ, पण थोडक्यात. अमेरिकेत १९९० नंतर नवनव्या बोर्ड गेमची आणि पत्त्यांच्या खेळांची मोठी लाट आली. दुकानात जाऊन खेळ दाखवायला माणसं हवीच होती. काही कंपन्यांनी ते रोजावर घेतले. काहींनी मात्र खेळाची आवड असलेल्या पोरांना 'स्वयंसेवक' म्हणून घेतलं आणि पैशांऐवजी गुण दिले. इतके तास दाखवलं की इतके गुण, आणि गुणांच्या बदल्यात कंपनीचेच खेळ. कॉलेजच्या पोराला ते चालतं, त्याला खेळच हवा असतो. जिला घरी तेल-मीठ न्यायचं आहे तिला ते डबे काय करायचेत? जर्मनीत एसेन नावाच्या शहरात १९८३ पासून खेळांची मोठी जत्रा भरते. तिथे शेकडो टेबलं मांडलेली असतात आणि प्रत्येक टेबलाशी समजावून सांगणारा उभा असतो. त्याला तिकडे लाडाने 'एर्क्लेअरबेअर' म्हणतात, म्हणजे समजावणारं अस्वल. हे ऐकल्यापासून आमच्या तिघी एकमेकींना अस्वलच म्हणतात.

हे सगळं झाल्यावर आम्ही समाजमंदिरात सराव केला. 'व्यापार'चा एक जुना पट आणला, त्याच्या निम्म्या नोटा हरवल्या होत्या, तिथे बिड्यांच्या कागदाच्या चिठ्ठ्या घातल्या. समोर गिऱ्हाईक म्हणून शेजारची पोरं आणि दोन सासूबाई.

पहिल्या ताईने नियमांचा कागद हातात घेतला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. वीस मिनिटं झाली तरी फासा पडला नाही. एक पोरगं उठून गेलं, सासूबाई पेंगल्या. दुसऱ्या ताईने कागद बाजूलाच ठेवला. तिने पोराच्या हातात सोंगटी दिली आणि म्हणाली, "सगळ्यांत जास्त पैसे शेवटी ज्याच्याकडे, तो जिंकला. टाक फासा." फासा पडला, सोंगटी नाशिकवर आली, मग ती म्हणाली, "घ्यायचंय का नाशिक?" तिसऱ्या डावाला पोरं एकमेकांना नियम सांगायला लागली होती. ताई म्हणाली, आम्ही नव्या बाईला गटात घेतो तेव्हा असंच करतो, आधी वीस नियम सांगितले तर ती पळून जाईल.

तिसऱ्या आमच्या मावशी, वय ४८. त्यांनी इतकं चांगलं समजावलं की विचारू नका, पण प्रत्येक डाव स्वतःच जिंकला. समोरचा पोरगा रडकुंडीला आला. हरलेला पोरगा आईला डबा घे म्हणेल का? मावशींना ते पटलं, पण पुढच्या डावालाही त्या जिंकल्याच. "जाणूनबुजून हरायचं जमत नाही गं," म्हणाल्या.

बाकी साध्या गोष्टी. डाव संपला की सोंगट्या मोजून डब्यात ठेवायच्या, एक हरवली तर डबा फुकट. बघत उभ्या राहिलेल्याला हाताने बोलावून बसवायचं. पाच मिनिटांत खेळाची गोडी लागली पाहिजे, पूर्ण खेळ नंतर घरी खेळतील.

मग अर्ज लिहायला बसलो. शिक्षणाच्या रकान्यात दोघींचं दहावी, मावशींचं सातवी. अनुभवाच्या रकान्याशी तिघी अडल्या. 'नाही' लिहायला निघाल्या होत्या. आम्ही हात धरला. दर महिन्याला पासबुक, व्याज, कर्जाचा अर्ज, मोबाईलवरचं अॅप हे सगळं न शिकलेल्या बायकांना कोण समजावून सांगतं? तेच लिहिलं, वर्षांसह. खाली गटाच्या ठरावाची प्रत आणि शिक्का जोडला. प्रमाणपत्र नसलं तरी शिक्का तर आहे.

रोजाचा आकडा ठरवायला त्याच बाजारपेठेत कापडदुकानात उभ्या राहणाऱ्या मुलीला विचारलं. तिला मिळतं त्यापेक्षा कमी लिहायचं नाही, एवढं ठरलं. दिवसाला ६०० रुपये आणि एसटीचं भाडं वेगळं. आपल्याला आता अर्धंच तिकीट लागतं, तरी ते खिशातून का? एका ओळीत हेही लिहिलं की मोबदला रोख किंवा खात्यावर हवा, वस्तूच्या रूपात नको. ती ओळ लिहिताना मसाल्याची चार पाकिटं सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होती.

दुकानातून फोन आला. पहिला दिवस ट्रायल म्हणून फुकट करा, म्हणाले. ताईने फोनवरच सांगितलं, अर्धा तास दाखवतो, जमलं तर ठेवा, पण सबंध दिवस गिऱ्हाईक केलं तर तो रोज झाला. पलीकडचे साहेब जरा थांबले आणि बरं म्हणाले. मग त्यांनी विचारलं, जीन्स-टीशर्ट चालेल का? ताई म्हणाली, तुमच्या दुकानाचा एप्रन द्या, साडीवर बांधतो.

बोलावलं दोघींना. मावशींना नाही. कारण काही सांगितलं नाही, आणि दोघींनी विचारलं तर साहेब म्हणाले, सध्या दोनच जागा आहेत. कागदावर चार लिहिल्या होत्या. यावर गटात दोन मतं आहेत. कुणी म्हणतं, जायचं तर तिघींनी, नाहीतर कुणीच नाही. कुणी म्हणतं, दोघी आत गेल्या तर तिसरीचं नाव पुढे करता येईल. वाद अजून मिटलेला नाही, आणि तुमच्या गटात असं काही झालं असेल तर आम्हाला जरूर कळवा.

मावशींचं म्हणणं वेगळंच. त्या म्हणाल्या, "तुम्ही दोघी जा. मी गिऱ्हाईक म्हणून येते आणि त्या टेबलाशी बसते. बघू मला कोण हरवतंय ते." शनिवारी सकाळी साडेसातच्या एसटीने तिघी निघणार आहेत.